ड्रम सँडर: घरच्या सुतारकामात पहिल्या फळीपासून

ड्रम सँडर, म्हणजे फिरत्या ड्रमवरच्या पॉलिश पेपरनं फळी घासणारं मशीन, नवा आणला की बहुतेक जण त्याच्याकडून रंधा मशीनचं काम करून घ्यायला बघतात. फळी जाड आहे? फिरवा हँडल, आणा ड्रम खाली, घाला आत. मग पहिल्याच दिवशी लाकडावर काळे पट्टे उठतात, पेपर जळतो आणि मोटर तापून बंद पडते. या मशीनचा सगळा हिशेब एका गोष्टीवर चालतो: एका फेरीत किती कमी घ्यायचं. पेपर, वीज, भुसा, लाकडाची तयारी असं पुढे जे लिहिलंय, ते या एका गोष्टीशी जोडूनच वाचा.

रचना साधी आहे. साधारण पाच इंच व्यासाचा आडवा ड्रम, त्यावर पॉलिश पेपरची लांब पट्टी तिरकी गुंडाळलेली. खाली सपाट टेबल आणि त्यावरून हळू सरकणारा कन्व्हेयर पट्टा. ड्रमच्या पुढे-मागे स्प्रिंगवर बसवलेले दोन प्रेशर रोलर, ते फळीला पट्ट्यावर दाबून धरतात. ड्रम फळीच्या चालीच्या उलट फिरतो. म्हणजे ड्रम फळी मागे ढकलत असतो आणि पट्टा तिला पुढे ओढत असतो. ही ओढाताण कायम लक्षात असू द्या. फळी घसरणं, अडकणं, जळणं, उडणं हे सगळं तिथूनच सुरू होतं.

रंधा मशीन असताना हे कशाला, असं कुणी विचारलं तर त्याला बाभळीची फळी रंध्याखाली घालायला सांगा. गाठीपाशी लाकडातल्या रेषा उलटतात आणि पातं लाकूड सोलायच्या ऐवजी उपटून काढतं. ड्रम सँडरला रेषांच्या दिशेशी देणंघेणं नसतं. शिसम, चिंच, गाठाळ कडुनिंब यांनाही हेच लागू आहे. तीन-चार मिलिमीटरची पट्टी रंधा मशीनमध्ये फुटते, इथं अख्खी बाहेर येते. जोडून केलेला पाट किंवा चौरंगाची फळी एका पातळीत आणायलाही हेच बरं. पण घरच्या कामात मला याचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो तो सारख्या जाडीचा. देव्हाऱ्याच्या दहा पट्ट्या एकाच उंचीवर ठेवलेल्या ड्रमखालून काढल्या की सांधे जुळवताना कुठंच खालीवर होत नाही.

मशीन घ्यावं की बनवून घ्यावं

आकार दोन आकड्यांत सांगतात: १०-२०, १६-३२, १९-३८. पहिला आकडा ड्रमची लांबी इंचांत. अशी मशीन एका बाजूनं उघडी असतात, त्यामुळे फळी फिरवून दुसऱ्यांदा घातली की दुप्पट रुंदी घासता येते, तो दुसरा आकडा. पाट, चौरंग, देव्हारा, लहान टीपॉय अशी कामं करणाऱ्याला १६ इंची ड्रम पुरून उरतो. त्याला दीड एचपीची मोटर असते. १० इंचीला एक एचपी.

बाहेरच्या देशातून मागवताना मोटरची पाटी वाचा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झची मशीन ट्रान्सफॉर्मर लावून आपल्याकडे चालवली तर व्होल्टेज जुळतं, पण हर्ट्झ ५० च राहतात. मोटर हळू फिरते आणि जास्त तापते. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलंच घ्या.

बनवून घ्यायचं असेल तर मराठवाड्यात त्याची अडचण नाही. वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीजवळ, जालन्यात, लातूर-नांदेडच्या इंजिनिअरिंग वर्कशॉपच्या गल्ल्यांत शाफ्ट टर्न करून देणारा लेथवाला आणि अँगलची फ्रेम जोडणारा वेल्डर दोघंही सापडतात. २५ मिलिमीटरचा शाफ्ट, दोन बाजूंना पी-२०५ बेअरिंग, शाफ्टवर एमडीएफच्या गोल चकत्या एकमेकींना चिकटवून ड्रम, आणि १४४० आरपीएमची एक एचपी मोटर. ड्रम बसवला की तो गोल असतोच असं नाही. सरळ फळीवर ६० नंबरचा पेपर (नंबर जितका लहान तितका पेपर खरखरीत) चिकटवा, ती टेबलवर ठेवा, ड्रम फिरता ठेवून टेबल थोडं थोडं वर घ्या आणि फळी डावी-उजवी सरकवत ड्रमलाच घासून काढा. ठकठक आवाज जाऊन एकसारखा आवाज येऊ लागला की ड्रम गोल झाला.

अशा घरगुती मशीनला बहुतेक वेळा कन्व्हेयर नसतो, फळी हातानं सरकवावी लागते. इथं एक नियम मोडू नका. फळी नेहमी ड्रमच्या फिरण्याविरुद्ध घाला, म्हणजे ड्रमची खालची बाजू तुमच्याकडे येत असली पाहिजे. उलट बाजूनं घातली तर ड्रम ती तुमच्या हातातून हिसकावून पलीकडे फेकतो. फ्रेमवर लाल रंगात बाण काढून ठेवा. नव्या माणसासाठी माझा सल्ला असा की पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण पट्टा असलेलंच मशीन घ्या किंवा बनवा. हातानं फळीचा वेग सारखा राहत नाही आणि प्रत्येक थांबा लाकडावर उमटतो.

वीज

दीड एचपीची मोटर भार आला की आठ-नऊ अँपिअर ओढते, सोबत भुशाचं मशीन, म्हणजे उडणारी पूड नळीनं ओढून पिशवीत भरणारं मशीन, चालतं ते वेगळं. घरातल्या टीव्हीच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढू नका. मीटरपासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठं गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

अर्थिंगकडे उन्हाळ्यात वेगळं लक्ष द्यावं लागतं. आपल्याकडे मार्चनंतर जमीन वाळत जाते, मुरुमाची असेल तर आणखी लवकर, आणि कोरड्या खड्ड्यातलं अर्थिंग नावापुरतं उरतं. आठवड्यातून एकदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता.

खेड्यात शेतीपंप सुरू झाले की बऱ्याच ठिकाणी व्होल्टेज पडतं. कमी व्होल्टेजवर मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढते आणि तापते. बोर्डावर साधा व्होल्टमीटर लावा. काटा २०० च्या खाली गेला की सँडिंग बंद. त्या वेळात लाकूड निवडणं, खिळे काढणं, पट्ट्या चिकटवणं अशी कामं उरकता येतात.

आता लाइट जाण्याचं. फळी अर्धी आत असताना लाइट गेली आणि साधं स्विच चालूच राहिलं, तर लाइट येताक्षणी ड्रम आपोआप फिरू लागेल, कदाचित तुम्ही आत हात घालून फळी ओढत असताना. म्हणून मशीनला पंपासारखा हिरव्या-लाल बटणाचा स्टार्टर बसवा. तो लाइट गेली की सुटतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. विहिरीवर रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून आपण स्टार्टरला ऑटो लावतो. सँडरच्या स्टार्टरला ऑटो कधीही लावायचा नाही.

लाकूड मशीनपर्यंत येण्याआधी

मराठवाड्यातल्या घरगुती कामाला लाकूड बहुतेक तीन ठिकाणांहून येतं: वखारीतलं सागवान, पाडलेल्या माळवदाचं लाकूड आणि कारखान्यांच्या पॅकिंगचं पाइन. तिघांची तयारी वेगवेगळी.

माळवदाच्या लाकडावर माझा जीव आहे. पिढ्यान्‌पिढ्या मातीचं छप्पर पेललेली तुळई कापली की आतून सोन्यासारखं सागवान निघतं, आणि असं लाकूड आज वखारीत शोधून मिळत नाही. ते सरपणात जाताना बघवत नाही. पण त्यात माती आणि लोखंड दोन्ही असतं. छपरावरची पांढरी माती भेगांमध्ये घट्ट बसलेली असते, ती तारेच्या ब्रशनं कोरडीच काढा. मग खिळे. चुंबक फिरवा, आणि जिथं भोकाभोवती काळा डाग दिसेल तिथं पटाशीनं उकरून बघा. सागवानात लोखंड राहिलं की आसपासचं लाकूड काळवंडतं, म्हणून तो डाग म्हणजे खिळ्याचा पत्ताच. वरचं डोकं निघालं तरी टोक आत मोडून राहिलेलं असू शकतं. खिळा ड्रमखाली गेला तर पेपर उभा फाटतो आणि ठिणगी भुशाच्या पिशवीत जाते. तिचं पुढे काय होतं ते भुशाच्या भागात सांगतो.

लाकडावर जुना ऑइल पेंट असेल तर तो सँडरमध्ये घालू नका. घरगुती रंगांमधल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारा केंद्राचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची बारीक पूड घरात उडणं लहान मुलांसाठी फार वाईट. रंग रिमूव्हर लावून, ओला असतानाच खरवडून काढा.

पॅकिंगच्या पाइनवर गव्हाच्या ओंबीसारख्या खुणेचा शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ अक्षरं असली तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे, ते वापरा. ‘एमबी’ असलं तर मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली आहे, ते बाजूला ठेवा. पाइनमध्ये राळ असते आणि ती पेपरवर चिकटते, म्हणून पाइनसाठी जुना पेपर राखून ठेवलेला बरा.

लाकडाचा ओलावा विसरू नका. ऑगस्टच्या दमट हवेत सपाट केलेली फळी एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर आणि हवा खडखडीत कोरडी असताना, रुंदीत आकसते आणि वाकते. नवं लाकूड आणलं की मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचून, काही आठवडे तुमच्याच शेडमध्ये राहू द्या. उन्हात पत्र्यावर टाकून घाईनं वाळवू नका, टोकं फाटतात.

सगळ्यात जास्त गैरसमज वाकड्या फळीबद्दल आहे. पिळलेली फळी ड्रम सँडर सरळ करत नाही. प्रेशर रोलर तिला दाबून तेवढ्यापुरतं सपाट करतात, ड्रम वरून घासतो, आणि फळी बाहेर आली की पुन्हा आपल्या मूळच्या आकाराला जाते. तुमच्या हातात उरते ती गुळगुळीत, पातळ आणि तितकीच वाकडी फळी. आधी एक बाजू हाताच्या रंध्यानं सपाट करा आणि ती बाजू खाली ठेवून वरची घासा. रंधा जमत नसेल तर फळी जाड प्लायच्या तुकड्यावर ठेवा, जिथं पोकळी आहे तिथं पाचरी सारा, गरम गोंदाच्या ठिपक्यांनी त्या पक्क्या करा आणि प्लायसकट मशीनमधून काढा. वरची बाजू सपाट झाली की फळी सोडवून उलटी करा.

जोडकामाचा वाळलेला फेव्हिकॉल पटाशीनं खरवडून घ्या. तो ड्रमच्या उष्णतेनं मऊ होतो, पेपरवर बसतो आणि त्या जागेचा पेपर घासणं सोडून लाकूड जाळायला लागतो.

पेपर चढवणं

प्लग काढा. फक्त स्विच बंद करून चालणार नाही, प्लग भिंतीतून बाहेर पाहिजे.

कापडी पाठ असलेला पेपर घ्या, कागदी टिकत नाही. तयार पट्ट्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानातला कापडी एमरीचा रोल घ्या. मशीनसोबत आलेली पहिली पट्टी फेकू नका, तीच तुमचा साचा. नवा रोल उलटा पसरा, साचा त्यावर उलटाच ठेवा, कापडाच्या बाजूनं रेघ मारा आणि कटरनं कापा. दोन्ही टोकं तिरकी असतात. तो उतार चुकला तर पट्टी ड्रमच्या कडेबाहेर जाते.

आता उघड्या बाजूच्या क्लिपमध्ये एक टोक अडकवा आणि ड्रम हातानं फिरवत पट्टी ताणून गुंडाळत जा. वेढे एकमेकांवर चढता कामा नयेत. चढले तर तिथं ड्रम जाड होतो आणि लाकडात चर पाडतो. वेढ्यांमध्ये बारीक फट राहिली तर चालते. दुसरं टोक आतल्या स्प्रिंगच्या क्लिपमध्ये जातं. ती क्लिप पूर्ण खेचून मग टोक अडकवा, म्हणजे पेपर पुढे ढिला पडला की स्प्रिंग तो ओढून घेते. नवी पट्टी पहिल्या काही मिनिटांत तापून ताणली जातेच. दोन-तीन फेऱ्या झाल्या की प्लग काढून पुन्हा घट्ट करा. बहुतेक पेपर झिजून जात नाहीत, ढिले राहिल्यामुळे फाटून जातात.

ड्रम आणि टेबल समांतर आहेत का?

लाकडाच्या एकाच पट्टीचे दोन तुकडे करा. एक टेबलच्या डाव्या कडेला, एक उजव्या कडेला ठेवा आणि एकाच उंचीवर दोन्ही काढा. व्हर्नियरनं (जाडी मोजायच्या पट्टीनं) मोजा. जाडीत फरक आला तर टेबलचे किंवा ड्रमचे समांतर करायचे नट असतात, ते थोडे थोडे फिरवा आणि पुन्हा तपासा. हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदा नीट केलं की महिनोन्‌महिने बघावं लागत नाही.

ड्रमपेक्षा रुंद फळी दोन फेऱ्यांत काढायची असेल तर उघडी बाजू अगदी किंचित, ०.१ मिलिमीटरच्या आत, वर ठेवा. नाहीतर ड्रमचं टोक फळीच्या मधोमध पायरी पाडतं.

पट्टा एका बाजूला सरकत असेल तर त्या बाजूचा ताणाचा नट पाव फेरी आवळा आणि मिनिटभर थांबून बघा. परिणाम हळू दिसतो.

पहिली फेरी

हे मन लावून करा. समजा तीन पट्ट्या जोडून केलेला बारा इंच रुंदीचा, जेवायला बसायचा सागवानी पाट आहे.

पाटावर पेन्सिलनं सगळीकडे आडव्या-तिडव्या रेघा मारा. प्लग काढलेला असताना पाट ड्रमखाली सरकवा, व्हर्नियरनं मोजलेला सगळ्यात जाड भाग ड्रमखाली येईल असा. एका हातानं हँडल फिरवत अंतर कमी करा आणि दुसऱ्या हातानं ड्रम फिरवत राहा. पेपर लाकडाला निसटता घासल्याचा आवाज आला की थांबा. ही तुमची शून्य उंची. पाट बाहेर काढा.

प्लग लावा. आधी भुशाचं मशीन, मग ड्रम, शेवटी पट्टा चालू करा. पाट पट्ट्यावर ठेवा, रोलरनं पकडला की हात सोडा. मशीनच्या समोर सरळ रेषेत उभं राहू नका, एका बाजूला राहा. पलीकडे जाऊन बाहेर येणारं टोक हातानं हलकेच पेला. ते लोंबकळलं तर मागचं टोक वर उचललं जातं आणि ड्रम तिथं जास्त घासतो. फळी लांब असेल तर पलीकडे त्याच उंचीचा टेकू किंवा स्टँड ठेवा.

पहिल्या फेरीत फक्त उंचवट्यांवरच्या रेघा पुसल्या जातील. आता किती खाली यायचं? आपल्याकडे मिस्त्री सुतात बोलतात. ८ सूत म्हणजे एक इंच, एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरला थोडं जास्त. ८० नंबरच्या पेपरला एका सुताचा आठवा भाग, म्हणजे ०.४ मिलिमीटर, ही शेवटची मर्यादा समजा, तीही अरुंद आणि मऊ लाकडासाठी. बारा इंची सागवानाला त्याच्या निम्मं, ०.२. बाभळीला त्याहून कमी. १२० च्या पुढच्या पेपरला ०.१. बऱ्याच तयार मशीनमध्ये हँडलची एक पूर्ण फेरी म्हणजे अर्धा सूत, १.६ मिलिमीटर. म्हणजे पाव फेरी ही मर्यादा आणि त्याचं निम्मं हे तुमचं रोजचं माप. तुमच्या मशीनचं माप मात्र व्हर्नियरनं स्वतः काढा आणि हँडलजवळ लिहून ठेवा.

प्रत्येक उंचीवर पाट दोनदा काढा, दुसऱ्यांदा हँडलला हात न लावता. पहिल्या फेरीत लाकूड आणि पट्टा दोन्ही थोडे दबलेले असतात, त्यामुळे दुसऱ्या फेरीतही पेपर काहीतरी काढतोच. या दुसऱ्या फेरीला वेळ जातो म्हणून लोक ती गाळतात, आणि मग जाडी सारखी येत नाही म्हणून मशीनला दोष देतात. रेघा पूर्ण पुसल्या की पाट उलटा करा. दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा. एकाच बाजूनं काढत राहिलं तर आतलं ताजं लाकूड उघडं पडून पाट त्या बाजूला वाकू शकतो.

पाट पट्ट्यावर थोडा तिरका घातला तर पेपर कमी भरतो आणि मोटरवर ओझं कमी येतं. प्रत्येक नंबरच्या शेवटच्या फेऱ्या मात्र सरळ, रेषांच्या दिशेनं.

कान मोटरकडे असू द्या. आवाज जड झाला, फळीचा वेग मंदावला की तुम्ही जास्त घेतलंय. पट्ट्याचा वेग कमी करा, पण पट्टा थांबवू नका. पट्टा थांबला आणि ड्रम फिरत राहिला तर तो एकाच जागी घासतो आणि खोल काळा चर पाडतो. असा चर काढायला पुन्हा दोन मिलिमीटर लाकूड घालवावं लागतं. फळी अडकलीच तर हँडल उलटं फिरवून ड्रम आणि फळीत अंतर पाडा, मग मशीन बंद करा, मग फळी काढा. चालू मशीनमध्ये हात किंवा दुसरी काठी घालून ढकलायचं नाही.

दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा कधीच घालू नका, कारण मध्ये एक क्षण असा येतो की त्याला कुणीच धरलेलं नसतं. नव्या माणसानं सहा इंचांच्या आतला तुकडा टाळावा. खूप पातळ पट्टी जाड फळीवर दुहेरी टेपनं चिकटवून काढा. खांद्यावरचा गमछा, ओढणी, लांब बाह्या, हातातले गंडेदोरे, हातमोजे यांतलं काहीही अंगावर नको. चष्मा आणि कानात प्लग मात्र पाहिजेतच.

कोणता नंबर, किती वेळ

घरच्या कामाला ८०, १२० आणि १५० एवढे तीन पुरतात. माळवदाचं खडबडीत लाकूड असेल तर आधी ६०. १८० च्या पुढचा पेपर ड्रमवर लावू नये, तो भुश्यानं भरतो आणि सागवान-शिसमाला जाळतो.

नंबर गाळू नका. ८० नंतर थेट १५० लावला तर ८० चे लांब सरळ ओरखडे खालीच राहतात आणि पॉलिशचा हात मारल्यावर ते सगळे वर दिसतात. पेपर बदलणं वेळखाऊ आहे, म्हणून कामाचे सगळे तुकडे ८० वर संपवा, मग सगळे १२० वर. एकेक तुकडा तिन्ही नंबरांवर पूर्ण करायला गेलात तर दिवस पेपर बदलण्यातच जाईल.

१५० नंतर मशीनचं काम संपलं. पुढे ऑर्बिटल सँडरनं किंवा हातानं ठोकळ्यावर पेपर लावून १५० आणि १८०, मग हवं तर २२०. ड्रमचे सरळ ओरखडे या हातकामाशिवाय जात नाहीत.

फळीवरच्या खुणा वाचा

फळीवर एक सरळ, चकाकणारी, थोडी उंच रेघ आली आणि तिचा रंग तपकिरी असला, तर पेपरवर त्या जागी राळ किंवा फेव्हिकॉल बसलाय. आडव्या लाटा आल्या तर पट्टा फार वेगात आहे, पेपर ढिला आहे किंवा बेअरिंगमध्ये खेळ आहे. दोन्ही टोकांना खोलगट पट्टी दिसली तर रोलरचा दाब जास्त आहे किंवा फळीला बाहेर आधार मिळाला नाही.

भरलेला पेपर लगेच फेकू नका. कच्च्या रबराची साफसफाईची कांडी मिळते. ती नसेल तर जुन्या चपलेचा क्रेपचा तळवा तेच काम करतो. ड्रम चालू, पट्टा बंद, भुशाचं मशीन चालू, डोळ्यांवर चष्मा, आणि तो रबर ड्रमवर हलक्या दाबानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. तुकडा लांब असावा, बोटं ड्रमपासून दूर राहिली पाहिजेत.

भुसा

रंध्याचे छिलके जमिनीवर पडतात. सँडरची पूड हवेत राहते, मशीन बंद झाल्यावरही बराच वेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे. नाक आणि सायनसच्या कर्करोगाशी तिचा संबंध सिद्ध आहे. सागवान आणि शिसमाच्या पुडीनं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, दमा असेल तर तो वाढतो. तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. एन-९५ मास्क घाला आणि मशीन बंद केल्यावरही शेड झाडून होईपर्यंत काढू नका.

मशीनच्या वर चार इंची नळीचं तोंड असतं. तिथं मिनिटाला ६०० घनफूट हवा ओढणारं भुशाचं मशीन लावायचं, घरातला व्हॅक्यूम क्लीनर त्याला पुरत नाही. हवा नीट ओढली गेली की पेपरही थंड राहतो आणि जास्त टिकतो, त्यामुळे हा खर्च पेपरमधून थोडाफार वसूल होतो. पैसे जपून वापरायचे असतील तर मशीन थोडं लहान घ्या, पण भुशाचं मशीन पुरेसं घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवा आणि वाऱ्याची दिशा बघून मशीन मांडा, म्हणजे उरलेली पूड शेजारच्यांच्या वाळवणावर जाणार नाही. उन्हाळ्यात अंगणात पापड-कुरडया वाळत असतात, त्या दिवसांत त्यांना विचारून वेळ ठरवलेली बरी.

ठिणगीचं सांगायचं राहिलं होतं. खिळ्याची ठिणगी पिशवीतल्या बारीक पुडीत तासन्‌तास धुमसू शकते आणि रात्री पेट घेऊ शकते. ठिणगी दिसली किंवा जळका वास आला की सगळं बंद करा, पिशवी शेडबाहेर मोकळ्या जागेत नेऊन रिकामी करा आणि पुडीवर पाणी टाका. ग्राइंडरनं लोखंड घासताना हेच भुशाचं मशीन वापरू नका. रोज काम संपलं की पिशवी रिकामी करा. ही पूड चुलीत किंवा बंबात मुठीनं फेकू नका, हवेत पसरलेली पूड एकदम भडकते आणि तोंड भाजतं. जनावरांच्या गोठ्यातही पसरू नका.

थोडी पूड मात्र डब्यात ठेवा, लाकडाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. सागवानाच्या पाटातली बारीक भेग सागवानाचीच पूड फेव्हिकॉलमध्ये कालवून भरली की सहसा डोळ्याला खटकत नाही. भरलेली जागा पूर्ण वाळली की हातानं घासा, ड्रमखाली नेऊ नका.

पाटाला चकाकी नको असेल तर जवसाचं कच्चं तेल आपल्याकडे घाण्यावर मिळतं. फडक्यानं अगदी पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं तेल पुसून घ्या, चार-पाच दिवस वाळू द्या आणि मग दुसरा हात. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि चोळामोळा करून टाकलेलं फडकं स्वतःहून पेटू शकतं. फडकी बाहेर दोरीवर एकेक सुटी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा. भुशाच्या पिशवीजवळ ती कधीच ठेवू नका.